उशिरा आलेलं उत्तर

सारसोळे,
रविवार, दुपार

प्रिय दादूस,

पत्र बघून हसशील. सारसोळ्याहून कामोठे गाडीवर पंचवीस मिनिटं, आणि बहीण पत्र लिहिते! पण काय करू? फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'आई' म्हटलं की तू म्हणतोस, भावी, ते ठरलंय. मग मी चिडते, तू माझ्याहून जास्त चिडतोस, मागून वहिनी 'राहू द्या ना' म्हणते आणि फोन बंद. पत्राला मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येईल. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढं माझ्यासाठी कर. सुचिता तुमच्या बाजूलाच राहते, ती संध्याकाळी घरी जाताना देईल. तिला चहा विचार, दिवसभर आईचं सगळं तीच करते.

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे तुला पानं उलटून शोधायला नको. तू पाठवलेल्या फॉर्मवर मी सही करणार नाही. पंधरा तारखेला आईला कायमचं न्यायला कर्जतच्या त्या संस्थेची गाडी येणार आहे ना, तिला नको म्हणून सांग. आली तर मी दारातून परत लावीन, आणि माझा आवाज किती चढतो ते अख्ख्या गावाला माहीत आहे. फॉर्म तू नीट वाचलास का रे? 'रुग्णास परिस्थितीचे व स्वतःच्या हिताचे आकलन नाही, असे आम्ही अपत्ये जाहीर करतो.' खाली दोन अपत्यांच्या सह्या. तुझी आहेच, ती कॉलेजपासूनची लांब शेपटीची. माझी जागा रिकामी. मी तो फॉर्म चार दिवस फ्रीजवर चुंबकाखाली लावून ठेवला होता. येता-जाता दिसायचा आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

तुला वाटेल, झालं, ही आता मला नालायक ठरवणार. नाही ठरवत. शिमग्यानंतरच्या गुरुवारी आई नेरूळच्या बाजारात अर्धांगाचा झटका येऊन माशाच्या पाटीवर कलंडली, तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारा तूच होतास. हॉस्पिटलात अकरा दिवस खुर्चीत बसून झोपणारा तूच. यार्डातली शिफ्ट करून रोज यायचास, तिचा उजवा हात चोळून द्यायचास, आणि ती तुझ्याकडे अशी बघायची की जणू भिंतीकडे बघतेय. ते मला बघवत नव्हतं, तुझं काय होत असेल? आणि मग मे महिन्यातल्या त्या दिवसानंतर तू उंबरा ओलांडला नाहीस. मी तुला फोनवर नको नको ते बोलले. पळपुटा म्हटलं. तो शब्द मी परत घेते. का घेते, ते लिहायला बसलेय, पण त्याच्या आधी थोडं दुसरंच सांगावं लागेल, कारण मला ते तसंच कळलं. माझ्या ऑफिसातून कळलं.

मी ऑफिसात नक्की काय करते हे आपल्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. आई बाजारात सांगायची, माझी पोर कंप्युटरवर हाय. तुला वाटतं मी लोकांचे प्रिंटर दुरुस्त करते. तर ऐक. गोदामांच्या काउंटरवर काळा पडदा असतो बघ, त्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही, माऊस नाही. त्याला टर्मिनल म्हणतात. त्यावर चालणारा आमचा एक प्रोग्राम आहे. माल आला, माल गेला, एवढंच काम. पण टर्मिनलं सतरा प्रकारची. काही माझ्या वयाची, काही कालची. कुणाला रंग दाखवता येतात, कुणाला नाही. कुणाला मराठी अक्षरं येतात, कुणी त्याच्या जागी चौकोन काढतं. म्हणून आमचा प्रोग्राम सकाळी उठला की पहिल्यांदा टर्मिनलला विचारतो. बाबा, तू कोण? तुला काय काय येतं? हा प्रश्न पडद्यावर दिसत नाही, आतल्या आत जातो. टर्मिनल त्याचं उत्तर देतं, आणि गंमत बघ, ते उत्तर कीबोर्डच्याच वाटेने परत येतं, जसं काही कुणी माणसाने टाइप केलंय. प्रोग्राम ते वाचतो आणि त्याप्रमाणे पडदा मांडतो. आणि उत्तर आलंच नाही तर? तर तो त्या टर्मिनलवर शिक्का मारतो, 'डम्ब'. मुका. मी थट्टा करत नाही, आमच्या धंद्यात खरंच हेच नाव आहे. एकदा मुका ठरला की त्याला रंग नाही, रेघा नाहीत. नुसतं काळं-पांढरं, कामापुरतं.

तर जून महिन्यात तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमधून तक्रार आली. तिथे काउंटरवर हौसेराव म्हणून साताऱ्याकडचे एक गृहस्थ आहेत, कानटोपी घालून बसतात, जूनमध्येसुद्धा. ते म्हणाले, मॅडम, ह्यो डबा येडा झालाय. आपुनच बडबडतोय. मी 'मटार' टाकाय जातो, तर त्येच्या आदीच कायबाय लिवून बसलेलं आस्तं. मी बघितलं. खरंच, मालाच्या नावाच्या चौकटीत आपोआप उमटलेलं: प्रश्नचिन्ह, बासष्ट, अर्धविराम, बावीस, आणि एक इंग्रजी सी. बटणं चुकवून लावलेल्या शर्टासारखं सगळं अस्ताव्यस्त. आमच्या नंदकुमार सरांनी फोनवरच निकाल दिला. जुनी टर्मिनलं, खराब झाली, मुकी म्हणून नोंदव आणि बदलायला सांग. मी म्हटलं, सर, मी जरा बसते. ते म्हणाले, कशाला वेळ घालवतेस? मी म्हटलं, माझा वेळ आहे. आणि बसले.

शाल पांघरून दोन तास बसले, दादूस. पाच टर्मिनलं चालू-बंद केली. पाचही तीच बडबड करत होती. अक्षर न् अक्षर तेच. वेडं माणूस रोज तेच बोलत नाही. मग माझी ट्यूब पेटली. ती बडबड नव्हतीच. ते आमच्याच प्रश्नाचं उत्तर होतं! त्यातल्या बावीसचा अर्थ होतो, 'मला रंग येतात.' झालं होतं असं की त्यांचं मुख्य मशीन मार्चमध्ये कुठेतरी लांब हलवलं होतं, तार लांब झाली होती, उत्तर यायला वेळ लागत होता. आमचा प्रोग्राम विचारायचा, सेकंदाचा दहावा हिस्सा थांबायचा, आणि उत्तर नाही म्हणून मुका असा शिक्का मारून पुढे जायचा. मग मागून उत्तर यायचं. तोवर पडद्यावर दुसराच प्रश्न आलेला असायचा, मालाचं नाव काय? त्या चौकटीत जाऊन ते बिचारं पडायचं. ती टर्मिनलं रोज सकाळी सांगत होती की मला रंग येतात, आणि आम्ही त्यांना येडी म्हणत होतो.

आणि तो दहावा हिस्सा कुणी ठरवला होता माहितीये? मी. सहा वर्षांपूर्वी. तेव्हा वाटलं होतं, एवढं पुष्कळ आहे.

त्या दिवशी घरी आले तर सुचिता आईची फाइल पसरून बसली होती, गोळ्यांचा कागद शोधत. त्यात हॉस्पिटलातला तो कागद वर आला, ज्यावर त्या तरुण डॉक्टरने आईला प्रश्न विचारून उत्तरं लिहिली होती. आठवतं ना? तू पलंगाच्या पायथ्याशी होतास, मी खिडकीजवळ. आपण दोघांनीही ते ऐकलं होतं, आणि दोघांनीही मान खाली घातली होती. मी तुला तो कागद जसाच्या तसा लिहून देते.

तुमचं नाव काय? उत्तर नाही. गाव कोणतं? 'पुतळा.' मुलं किती? 'सारसोळा.' पेन दाखवून, हे काय? 'दोन.' घड्याळ दाखवून, हे काय? 'पेन.' आज वार कोणता? 'घड्याल.' आणि खाली लाल शाईत शेरा: उत्तरे असंबद्ध.

दादूस, एक घर मागे सरकवून वाच.

मी फाइल हातात धरून जमिनीवर बसले. सुचिता घाबरली, तिला वाटलं मलाच काहीतरी झालं. नाव पुतळा. गाव सारसोळा. मुलं दोन. तिने एकही उत्तर चुकवलं नव्हतं. शेवटी वार विचारला, त्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबलंच नाही, डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेला. त्या पोराचा मला राग नाही. त्याला अजून वीस पलंग बघायचे होते आणि तो लिहीत होता, वाचत नव्हता. पण आपण? आपण तिच्या हातचं जेवून मोठे झालो ना रे?

आईचा बाजारातला नियम तुला आठवत असेलच, तू लहानपणी त्यापायी शिव्या खाल्ल्यात. एका गिऱ्हाइकाचा मासा कापून, धुऊन, पिशवीत पडेपर्यंत ती दुसऱ्याकडे ढुंकून बघायची नाही. कुणी कितीही ओरडो. सीवूड्सच्या टॉवरमधल्या बायका गाडी चालू ठेवून हाका मारायच्या, मावशी लवकर, मावशी लवकर, आणि ही कोयता न थांबवता म्हणायची, पयली ही, मंग तू. नवी गिऱ्हाइकं रागावून जायची आणि आठ दिवसांनी परत यायची. अर्धं अंग गेलं, पण बाई बदललेली नाही. पहिल्या प्रश्नाचं पुरं झाल्याशिवाय ती दुसऱ्याला हात लावत नाही. फक्त आता कापायला वेळ लागतो. आपण तीन महिने तिच्यासमोर गाडी चालू ठेवून उभे होतो.

पण मला खात्री कशी पटणार? मी विचारलं आणि ती गप्प राहिली, तर उत्तर येतंय का येणारच नाही, हे कसं ओळखायचं? किती थांबायचं? तुर्भ्याला मी तीच अडचण सोडवली होती. आमच्यात एक जुनी युक्ती आहे. अवघड प्रश्न आधी विचारायचा आणि त्याच्या पाठोपाठ एक सोपा, ज्याचं उत्तर प्रत्येक टर्मिनल देतंच देतं. मग घड्याळ बघायचंच नाही. सोप्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. अवघडाचं उत्तर यायचं असेल तर ते आधी येईल. आलं नाही आणि नुसतं सोप्याचं आलं, तर समजायचं, याला हे खरंच येत नाही. तार तुटली असेल तर गोष्ट वेगळी, पण आईची तार तुटलेली नव्हती. मला फक्त तो सोपा प्रश्न हवा होता.

तो मला शोधावा लागला नाही. दोन दिवसांनी सुचिताने जेट्टीवरून बोय मासळी आणली आणि पिशवी माझ्यापुढे धरून विचारलं, ताई, ताजी आहे का हो? मी काही बोलायच्या आत पलंगावरून आईचा डावा हात उचलला गेला. अंगठा वर, जसा कल्ल्याखाली घालून उघडतात तसा. दादूस, ती खूण! 'ताजा हाय का' असं विचारणाऱ्याला आईने आयुष्यात तोंडाने उत्तर दिलं नाही. उजव्या हातात कोयता, डाव्या अंगठ्याने कल्ला उघडायचा आणि तो लालभडक कल्ला विचारणाऱ्याच्या नाकाखाली धरायचा. बघ आणि गप घरी जा. चाळीस वर्षं तो हात आपोआप उठत आला. तो अजून उठतो. मी सुचिताला मिठीच मारली, माशाच्या पिशवीसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग पुसून झाल्यावर मी पलंगाजवळ स्टूल घेतलं. विचारलं, आई, बाबांच्या होडीचं नाव काय होतं? आणि लगेच, ताजा हाय का? मग गप्प बसले. आपल्या घरात गप्प बसायची कुणाला सवय आहे रे? जीभ दाताखाली धरली. खाली गल्लीतून एक रिक्षा जेट्टीकडे गेली, वळून परत आली. आई छताकडे बघत होती. मला वाटलं, मूर्ख आहेस तू भावी, टर्मिनल आणि आई एकच समजतेस. आणि मग तिच्या घशातून खरवडल्यासारखा आवाज आला. 'धनलक्षुमी.' आणि त्याच्या मागून डावा अंगठा वर उठला.

मी खूप रडले. खोटं कशाला लिहू.

त्यानंतर रोज विचारते. सगळंच येतं असं नाही, तुला आशेला लावायचं नाही मला. आकडे तिला येत नाहीत, दहाच्या पुढे नुसता अंगठाच उठतो. मावशीच्या मुलीचं नाव आलं नाही, अंगठा उठला आणि तिचे डोळे भरले. थकली असली की पुष्कळ वेळ लागतो. उजवा हात परत येणार नाही, बाजारात ती परत बसणार नाही, हे मला कळतं. मी वेडी नाही. पण तिला पाणी हवं की पंखा, हे कळतं. आधी आपण 'पाणी?' विचारायचो, थांबायचो नाही, 'पंखा?' विचारायचो, ती 'हो' म्हणायची, पंखा लावायचो आणि ती तोंड वाकडं करायची. मग आपण म्हणायचो, हिला आपलं काय हवं तेच कळत नाही. बाई तहानलेली राहायची आणि आपण वारा घालायचो.

आता ऐक, आणि रागावू नकोस. तिने सगळं ऐकलंय. समाचाराला आलेली माणसं पलंगाला गुडघे टेकवून बोलायची, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं वगैरे, आणि मीच त्यांना सांगायचे, बोला बिनधास्त, तिला काही समजत नाही. मी! तिच्यासमोर! कर्जतचा विषय तू आणि मी स्पीकरवर तिच्या डोक्याशी बसून बोललो. त्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं होतं. आपण डॉक्टरला सांगितलं, भूक कमी झाली. भूक नव्हती रे कमी झाली. रुसली होती ती. लहानपणी आपण रुसायचो तशी.

म्हणून मी तिलाच विचारलं. आई, कर्जतला जायचंय का तुला? ताजा हाय का? हा प्रश्न मी एकदा नाही, तीन वेगवेगळ्या सकाळी विचारला, मुद्दाम शब्द बदलून, म्हणजे नुसती मान हलवली असं तू म्हणायला नको. एकदा असं विचारलं की 'हो' म्हणजे राहायचं, एकदा असं की 'हो' म्हणजे जायचं. तिन्ही वेळा उत्तर एकच निघालं, जायचं नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं 'नाय' म्हणाली नाही. म्हणाली, 'नाय मेले.' इतक्या महिन्यांत पहिली शिवी, दादूस! सुचिता बाहेर जाऊन हसत बसली. त्या रात्री आईने भात खाल्ला.

आता तू म्हणशील, भावी, एकटी किती दिवस उचलणार तिला? बरोबर आहे तुझं. माझी कंबर धरते. नंदकुमार सरांना सांगितलंय, आठवड्यातले चार दिवस घरून काम करीन, नको असेल तर दुसरी नोकरी बघीन. ते म्हणाले, विचार कर. मी म्हटलं, केलाय. सुचिता आहे. शेजारच्या वैजयंती काकू सकाळी अर्धा तास येऊन बसतात, त्यांना मी थांबायला शिकवलंय, त्यांनाही जड जातं. याहून जास्त माझ्याकडे काही नाही. कुणी मला वेडी म्हटलं तर म्हणू दे. गावात पोरीने कंप्युटर शिकून काय उजेड पाडायचा असं विचारणारेही पुष्कळ होते, त्यांच्या नाकावर टिच्चून शिकले. पण मी सांगतेय ना, जिला 'नाही' म्हणता येतं, तिला समज नाही असं मी लिहून देणार नाही. गाडीवाल्याने हात जोडले तरी नाही, तू पाया पडलास तरी नाही. फॉर्म सोबत परत पाठवतेय. माझ्या सहीच्या जागी मी लिहिलंय, 'विचारलं. नाही म्हणाली.'

आणि आता मे महिन्यातला तो दिवस. तीन दिवस हे पत्र मनात लिहितेय, आणि खरं तर आज एवढंच लिहायला बसले होते. तू तिच्याजवळ बसलास, तिचा हात हातात घेतलास आणि विचारलंस, आई, मी कोण? ती बघत राहिली. तू परत विचारलंस, आई, मी कोण गं? मग तिसऱ्यांदा, जवळ जाऊन, आवाज फुटला होता तुझा. मग उठलास, तोंड फिरवलंस आणि जिना उतरलास. मी चादर घडी घालत होते. खाली तुझी गाडी सुरू झाली, कोपऱ्यावरून वळली, आवाज गेला, आणि आई म्हणाली, 'परीतम.' मला वाटलं, दिवसभर तेच तेच शब्द घोळवते तसंच हे. आणि खरं सांगू? मला तुझा राग आला होता, म्हणून तुला फोनही केला नाही, म्हटलं, भोग. तिला म्हटलं, गेला तो, झोप आता. थोड्या वेळाने परत, 'परीतम.' मी चादर कपाटात ठेवून आले, आणि परत एकदा, 'परीतम.' मग ती गप्प झाली. दादूस, तू तीनदा विचारलंस, तिने तीनदा सांगितलं. उद्या ये. काही आणू नकोस, नुसता स्टुलावर बस, विचार, आणि या वेळी गाडी बंद करून ये.

तुझीच,
भावी